पाचापर्यंत मोजणारा राजेशम

राजेशम संगणकावर कुठलाही नवा ब्राउझर घेतला की आधी त्यावर काही बघायचा नाही. चिन्हापाशी जाऊन एंटरची कळ दाबायचा, उजवा हात वर धरायचा आणि करंगळीपासून एकेक बोट मिटत तेलुगूत मोजायचा. "ओकटी, रेंडु, मूडु, नालुगु, ऐदु." अंगठा मिटायच्या आत खिडकी उघडली आणि लिहायच्या जागेत ती उभी रेघ लुकलुकायला लागली, तर ब्राउझर पास. नाही उघडली तर मूठ तशीच ठेवून डाव्या हाताने तो काढून टाकायचा. पुन्हा एकदा बघू, हा प्रकार नाही.

"अरे, मशीन जुनं आहे. उघडेल की सावकाश," मी एकदा म्हणालो.

"मालक, पावणा पयल्याच दिवशी दारात एवढा येळ लावतोय, तर ऱ्हायला लागल्यावर काय करंल?"

मी तेव्हा हसलो होतो. आता हसू येत नाही. माझं आणि त्याचं जे काही होतं ते त्या पाच आकड्यांत संपलं, आणि पाच हा आकडा कमी होता असं माझं अजूनही म्हणणं आहे.

माझा चिंचोळी एमआयडीसीत चादरी आणि टॉवेलचा कारखाना आहे. मंगळवेढ्याच्या पुढच्या एका खेड्यातून मी सोलापुरात आलो तेव्हा एसटीतून उतरून कुठल्या दिशेला चालायचं हेही माहीत नव्हतं. दुसऱ्याच्या मागावर सुताच्या कांड्या भरल्या, डोक्यावर टॉवेलचे गठ्ठे घेऊन बाजार फिरलो. माझ्या गाडीच्या मागच्या काचेवर कुणाचीही कृपा लिहिलेली नाही, कारण कुणी केलेली नाही. जे मिळवलं ते समोरच्याला खाली उतरवून मिळवलं. पहिला सांगितलेला भाव मी जन्मात कधी दिला नाही. डॉक्टरलाही नाही. हे एवढ्यासाठी सांगतो की राजेशमचं आणि माझं कुठे अडलं ते कळावं. मी भाव करणारा माणूस, आणि तो एकदाच बोलणारा.

तो मुळात कार्ड ठोकणारा. जॅकार्डच्या मागावर नक्षी विणायची तर पूर्वी जाड पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडून त्यांची माळ मागावर चढवावी लागे. भोक असेल तिथे धागा वर, नसेल तिथे खाली. ग्राफच्या कागदावर चित्र काढायचं आणि एकेक चौकोन बघत भोक पाडायचं. राजेशमने वीस वर्षं तेच केलं. डाव्या अंगठ्याचं नख त्यात कायमचं काळं झालं होतं. पुढे कार्डं गेली, संगणक आला, आणि बाकीचे कार्डवाले रिक्षा चालवायला लागले तेव्हा या माणसाने भंगारातून एक मशीन आणून महिनाभर उघडून ठेवलं. "आत बघितलं तर आपलंच काम," तो म्हणायचा. "भोक हाय, भोक न्हाय. एवढंच. उगंच लोकं भ्यालेत."

माझ्याकडे आला तेव्हा पन्नाशीला टेकला होता. अंगात कायम पूर्ण बाह्यांचा सदरा, गळ्याशी गुंडी लावलेली. चष्म्याला सुताची दोरी. कीबोर्डवर झाकायला चादरीचा एक चाचणीचा तुकडा. माऊसला हात लावायचा नाही. सगळं काम बोटांनी, कळा दाबून. माऊस म्हणजे त्याच्या मते बोट दाखवून मागणं. "लहान पोरं बोट दाखवत्यात. मोट्या माणसानं तोंडानं मागावं."

प्रत्येक सॉफ्टवेअरबद्दल त्याचं मत असे आणि ते ऐकल्याशिवाय सुटका नसे. अपडेटवर त्याचा विशेष राग. "न ईचारता घरात शिरतंय, भांडी हिकडची तिकडं करतंय, आन वर म्हनतंय आता कसं छान दिसतंय बगा." पासवर्ड लक्षात ठेवू का असं ब्राउझरने विचारलं की तो पडद्याकडे बघून म्हणे, "आत्ताच वळख झाली आन किल्ली मागतोय व्हय!" कोल्ह्याच्या चित्राचा ब्राउझर त्याला त्यातल्या त्यात मान्य होता, पण त्याच्याही दोन आवृत्त्या त्याने परत पाठवल्या होत्या. परत पाठवल्या, हा त्याचाच शब्द. जणू दुकानदार तिकडे वाट बघत बसला होता.

आमचं पहिलं भांडण सॉफ्टवेअरवरूनच झालं. चादरीच्या डिझाइनसाठी जे सॉफ्टवेअर मिळतं ते महाग. त्याची चोरीची प्रत मात्र आमच्या धंद्यात सगळ्यांकडे असते, आणि ती वापरताना कुणाला काही वाटत नाही. राजेशम ती घेईना. तो पेंग्विनच्या चित्राची फुकट सिस्टिम वापरायचा, फुकटच्याच एका चित्रकलेच्या प्रोग्रॅमवर नक्षी काढायचा, आणि ती मागाला कळेल अशी करायला त्याने स्वतःच काहीतरी लिहून ठेवलं होतं. काम सुरेख व्हायचं, पण वेळ लागायचा.

"अरे, तेही फुकट आणि हेही फुकट," मी ओरडलो. "मग जे लवकर होतं ते का वापरत नाहीस?"

"फुकट आन चोरीचं यात फरक हाय, मालक. ह्ये देनारानं दिलंय. त्ये कुनी तरी उचललंय."

"माझ्या खिशाला दोन्ही सारखंच."

"तुमच्या खिशाला सारखंच हाय की," तो शांतपणे म्हणाला आणि पुन्हा कळा बडवायला लागला. असं बोलला की मला मारावंसं वाटायचं. चिडला असता तर मी त्याला खाली उतरवला असता. चिडायचाच नाही.

जेवणानंतर वीस मिनिटं तो खेळायचा. एकच खेळ, जुनाट, पडद्यावर चार रंग. एक माणूस खांबांवरून उड्या मारत पुढे जातो. पाय चुकला की खाली खड्ड्यात. बरेच टप्पे पार करून राजेशम कधीकधी फार पुढे जायचा, तेव्हा फिटर, रंगारी, गेटवरचा वॉचमन, सगळे मागे उभे राहायचे. आणि पाय चुकायचा. खेळ जिथपर्यंत आला तिथे जतन करून ठेवायची सोय त्यात होती. एक कळ दाबली की झालं. त्याने ती कधी दाबली नाही. पडला की पहिल्यापासून.

मोबाईलवरच्या नव्या खेळांवर तो थुंकायचा बाकी होता. "पैसे भरले की मेलेला उटतोय. ह्यो खेळ हाय का? दुकान हाय."

एकदा तो नसताना मी त्याचा खेळ खेळून बघितला. दर दोन उड्यांनंतर जतन करत करत त्याच्याही पुढच्या टप्प्यावर पोचलो आणि तो आल्यावर त्याला दाखवलं. चष्मा वर करून त्याने बघितलं.

"तुमी खेळत न्हाय, मालक. तुमी खड्ड्यासंगं भाव करताय."

सगळे हसले. मीही हसलो, पण लागलं होतं.

आता कणसाचं सांगतो. बाजारात तेच ते मोर, तेच गुलाब. मला वेगळी चादर हवी होती. डोक्यात आलं, आमच्या शाळूचं कणीस. मंगळवेढ्याच्या काळ्या रानातली ज्वारी एकदा निसवली, कणसं बाहेर पडली की तिच्याकडे बघत राहावं असं वाटतं, निदान मला तरी. मी राजेशमला सांगितलं, काठाला ओळीने कणसं टाक. तो म्हणाला, मी कणीस बाजारात बघितलंय, ताटावर न्हाय. मग थंडीत त्याला गावाकडे नेला. भावाच्या रानात भर उन्हात तो ढेकळावर बसला, मांडीवर चौकोनी वही, आणि एका कणसाचे दाणे मोजायला लागला. भावाने हुरडा भाजून पुढे ठेवला, चटणी ठेवली. हात लावला नाही.

"अवं, गार व्हतोय की," भाऊ म्हणाला.

"एक वळ ऱ्हायलीय. तोंडात गेल्यावर कसं मोजू?"

दुपारपर्यंत सहा कणसं मोजून झाली. मग गार हुरडा चवीने खाल्ला आणि म्हणाला, "समदी सारकी न्हाईत. एकबी पुरं भरलेलं न्हाय. प्रत्येकात एकादा दाणा पाखरानं नेलाय."

चादर तयार झाली तेव्हा मी काठावरून हात फिरवला. कणसं जिवंत होती. कोपऱ्यापासून तिसऱ्या कणसात मधोमध एक दाणा नव्हता. मी ओरडायला तोंड उघडलं तोच तो म्हणाला, "ती चूक न्हाय, मालक. खूण हाय." कार्ड ठोकणाऱ्यांची ती रीत होती. नक्षीत कुठेतरी एक घर, म्हणजे ग्राफवरचा एक चौकोन, रिकामा सोडायचा. कुणाचं काम आहे ते दुसऱ्या कार्डवाल्याला कळतं, आणि त्याच्या गुरूच्या म्हणण्याप्रमाणे, पुरी केलेली वस्तू हातातून जाते, थोडी राहिलेली असली की हात परत तिच्याकडे येतो. राजेशमला या रीतीची इतकी सवय झाली होती की तो संगणकाचा डबा बंद करतानाही चौथा स्क्रू पूर्ण आवळायचा नाही. अर्धा फेरा बाहेर ठेवायचा.

कणसाच्या चादरीने मला नाव दिलं. 'कणीसवाले' म्हणून लोक ओळखायला लागले. बाहेरगावचे व्यापारी कारखान्याचं नाव विसरायचे, कणीस विसरायचे नाहीत.

आणि मग तो एजंट आला.

राजेशम आठवडाभर रजेवर होता, मुलीच्या लग्नासाठी. बाहेरगावचा एक सुटाबुटातला पोरगेला माणूस आला, आणि डिझाइनचं ते महाग सॉफ्टवेअर फुकटात बसवून देतो म्हणाला. चोरीचंच, पण 'पक्कं बसवलेलं'. मला वाटलं, बरं झालं. राजेशम परत येईल तेव्हा समोर तयार असेल, मग वापरेल झक मारत. मी डिझाइनची खोली उघडून दिली. एजंटने खटपट केली, बसेना. ही सिस्टिमच वेगळी आहे म्हणाला. डबा उघडून आतली हार्डडिस्क काढली, स्वतःच्या लॅपटॉपला जोडली, तासभर बसला. मी बाहेर फोनवर सुताच्या भावावरून भांडत होतो. शेवटी "नाही जमत, शेठ," असं म्हणून सगळं होतं तसं लावून तो निघून गेला. त्याने चहासुद्धा घेतला नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

राजेशम लग्नाची पेढ्याची पुडी घेऊन आला, खुर्चीवर बसला आणि डब्याच्या मागे हात नेऊन थांबला.

"मशीन कुनी उगडलं व्हतं का, मालक?"

चौथा स्क्रू पूर्ण आवळलेला होता.

आता बघा, खरं सांगायला काय हरकत होती? पण मला त्याचं पुढचं वाक्य माहीत होतं. फुकट आणि चोरीचं. पेढा तोंडात धरून मला ते ऐकायचं नव्हतं. "कोण उघडणार?" मी म्हणालो. "तूच आवळला असशील. लग्नाच्या घाईत होतास."

तो माझ्याकडे बघत राहिला. टेबलावर त्याची मूठ मिटलेली होती. मग "बरं" म्हणाला आणि कीबोर्डवरचा तुकडा काढला.

सहा महिन्यांनी नवी पेठेतल्या एका दुकानात दुसऱ्याच छापाची चादर टांगलेली दिसली. काठाला कणसं. मी ती ओढून खाली काढली, तिसरं कणीस शोधलं. दाणा नव्हता.

माझं डोकं अशा वेळी भराभर चालतं, आणि मला त्याचा अभिमान आहे. चादर बघून कुणी नक्षी उचलली असती, तर हा दाणा चुकून राहिलाय असं समजून त्याने भरून टाकला असता. रिकामा राहिला म्हणजे चादर बघून नाही, फाईलच गेली. आणि फाईल एकाच माणसाच्या हातात होती. हिशेब बिनचूक होता. फक्त त्यात एक तास धरायचा राहिला, ज्या तासाला मी बाहेर फोनवर होतो.

मी चादर घेऊन सरळ चिंचोळीला आलो. लाईट गेलेली. एमआयडीसीत लाईट गेली की अशी शांतता पडते की कानात दडे बसल्यासारखं वाटतं. चार कारखान्यांची माणसं समोरच्या चहाच्या टपरीवर जमली होती. राजेशम बाकावर बसून बशीत चहा ओतत होता. मी ती चादर त्याच्या मांडीवर टाकली आणि दाण्याच्या जागी बोट ठेवलं.

"हे घर कुणाचं?"

त्याने बघितलं. बशी खाली ठेवली. "माजं."

"मग ही फाईल कुणी विकली?"

"तुमाला काय आटवतंय का बगा, मालक."

"मला? मी काय आठवू? माझं खाऊन माझंच विकलंस, आणि मी आठवू?"

तो माझ्याकडे बघत होता आणि त्याचे ओठ हलत होते. मला वाटलं, तेलुगूत शिव्या देतोय. त्याने माझं डोकं आणखी फिरलं. मी त्याला चोर म्हणालो. एकदा नाही. चारी कारखान्यांना ऐकू जाईल असं, आणि त्या शांततेत ते वॉचमनच्या खोलीपर्यंत गेलं असणार. ओठ थांबल्यावर त्याने चादरीची घडी घातली, चौकोनी, काठ जुळवून. बाकावर ठेवली आणि निघून गेला. चहा तसाच राहिला.

आमच्या धंद्यात डिझाइन करणाऱ्याला एकदा चोर म्हटलं की त्याला दुसऱ्याच्या कारखान्याचं गेटही उघडत नाही. कुणी चौकशी करत नाही, कुणी विचारायला येत नाही. कणीसवाल्याने म्हटलंय, एवढं पुरतं. राजेशमच्या हातात पुन्हा कुणी फाईल दिली नाही. शुक्रवार पेठेतल्या घरी बसून तो लोकांचे बिघडलेले संगणक दुरुस्त करतो असं कानावर आलं. मी म्हणालो, करू दे.

दिवाळीच्या आधी अक्कलकोट रोडच्या एका कारखानदाराकडे गेलो होतो. त्याने मोठ्या कौतुकाने आपल्या संगणकावर दाखवलं, सॉफ्टवेअर बसवणाऱ्या एका एजंटने सोबत फुकट दिलेली डिझाइनं. एकाखाली एक फायलींची नावं. त्यात एक नाव होतं, 'मालकांच्या रानातलं कणीस'. राजेशम फायलींना अशीच नावं द्यायचा. एजंटने बदलायचीही तसदी घेतली नव्हती.

"काय हो, घाम आला?" तो म्हणाला.

"पंखा लाव," मी म्हणालो.

त्यानंतर आठ दिवसांनी मी शुक्रवार पेठेत गेलो. बोळ इतका अरुंद की गाडी तोंडाशी ठेवावी लागली. दार त्याच्या बायकोने उघडलं. नरसम्मावहिनींनी आत बघून तेलुगूत दोन शब्द टाकले आणि मला पाणी दिलं. चहाचं विचारलं नाही. आत तो एक मशीन उघडून बसला होता. उठला नाही, पण "या मालक" म्हणाला.

"राजेशम, त्या एजंटनं नेलं सगळं. कळलं मला."

"मला म्हाईत हाय."

"मग तेव्हा का बोलला नाहीस? तोंड शिवलं होतं का? एक शब्द बोलला असतास तर एवढं झालं नसतं!"

"मी बोललो व्हतो की. मशीन कुनी उगडलं म्हणून ईचारलं व्हतं."

मी पाणी प्यालो. म्हणालो, "झालं ते झालं. परत ये. खोली तशीच आहे. काय पाहिजे ते सांग, आज मी घासाघीस करणार नाही."

"खरंच?"

"आईशप्पत."

त्याने हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "मग टपरीवर या. लाईट गेलेली आसताना. चोर म्हनला तेवड्याच मोट्यानं म्हना, राजेशम चोर न्हाय. मशीन मी उगडून दिलं व्हतं."

आता माझीही बाजू ऐका. माझ्या धंद्याचं खरं भांडवल माग नाहीत, चादरी नाहीत. याला कुणी गंडवू शकत नाही, हे माझं भांडवल आहे. व्यापारी माझ्याशी बोलताना जपून बोलतो तो त्यामुळे. आणि मी चार कारखान्यांपुढे उभा राहून सांगायचं की एका पोरगेल्या एजंटला मी स्वतः दार उघडून दिलं आणि बाहेर फोनवर बोलत बसलो?

"इथं म्हणतो," मी म्हणालो. "वहिनींच्या समोर म्हणतो. हात जोडून म्हणतो."

"वद्दु."

त्याचा नको असा असे. मराठीत बोलता बोलता नकार मात्र तेलुगूत यायचा.

"मग कारखानदारांच्या ग्रुपवर लिहून टाकतो. टपरीवर किती माणसं? ग्रुपवर शंभर आहेत."

"लिवल्यालं खोडता येतंय, मालक. वद्दु."

"बरं, टपरीवर येतो. राजेशम चोर नाही म्हणतो. मोठ्यानं म्हणतो. एजंटनं नेलं म्हणतो. मशीन मी दिलं, हे कशाला? ते सोड."

"त्येच तर म्हनायचंय."

"अरे, थोडं तू उतर, थोडं मी चढतो!"

तो हसला. खूप दिवसांनी हसल्यासारखा. दारातून नरसम्मावहिनीही बघत होत्या. "मालक," तो म्हणाला, "तुमी आत्ताच आईची शप्पत घेतली."

मग मी जे बोललो ते लिहीत नाही. दीड खोलीत राहून केवढी ऐट, अशा अर्थाचं काही होतं, आणि ते बोळातही ऐकू गेलं असेल. मोठ्याने बोलायला मला लाईट जावी लागत नाही.

पण लाईट जात राहिली. चिंचोळीत ती जातेच. मागांची खटखट थांबली की मी केबिनमधून उठायचो. तीन वेळा टपरीपर्यंत गेलो. पहिल्यांदा चहा पिऊन परत आलो. दुसऱ्यांदा सगळे गप्प झाले, कारण मालक टपरीवर येत नाही आणि हा महिन्यात दोनदा आला होता. मी विचारलं, "काय, लाईट कधी येणार?" तिसऱ्यांदा तोंड उघडलं होतं. शपथेवर सांगतो, उघडलं होतं. तेवढ्यात लाईट आली आणि पलीकडच्या शेडमध्ये माग सुरू झाले. त्या आवाजात कुणाला काय ऐकू येणार? मी परत आलो, आणि खरं सांगायचं तर पायऱ्या चढताना बरं वाटत होतं.

टपरीवाल्याकडूनच एक दिवस कळलं. राजेशम हैदराबादला चाललाय, मुलीकडे, कायमचा. मुलगी तिथे कुठल्याशा संगणक कंपनीत आहे. सकाळच्या गाडीने.

मी स्टँडवर गेलो. गाडी लागलेली होती. मागून तिसऱ्या खिडकीत तो बसला होता, सदऱ्याची वरची गुंडी लावलेली, मांडीवर चादरीच्या तुकड्यात गुंडाळलेला कीबोर्ड. पलीकडे नरसम्मावहिनी. मी खिडकीखाली जाऊन उभा राहिलो. काच उघडी होती.

"राजेशम," मी म्हणालो.

त्याने बघितलं. चेहऱ्यावर राग नव्हता, तो कधी नसायचाच. उजवा हात उचलून त्याने खिडकीच्या कडेवर ठेवला आणि करंगळी मिटली.

तेव्हा मला कळलं. टपरीवर ओठ हलत होते त्या शिव्या नव्हत्या. पेढ्यांच्या दिवशी टेबलावर मूठ का मिटलेली होती तेही कळलं. दोन वेळा त्याने मला मोजलं होतं, आणि मी दोन्ही वेळा उघडलो नव्हतो. तरी हा तिसऱ्यांदा मोजत होता. कुठल्या ब्राउझरला त्याने एवढं दिलं नव्हतं.

दुसरं बोट मिटलं. आजूबाजूला माणसंही होती. चिंचोळीची नव्हती, पण होती. पपईवाला होता, कंडक्टर होता. इथे चालेल का, असा विचार माझ्या मनात आला. तिसरं बोट. वाक्य पाठ होतं, तीनदा टपरीवर नेऊन परत आणलेलं. कुठून सुरुवात करू, राजेशम चोर नाही इथून की मशीन मी दिलं इथून? चौथं.

"पाण्याची बाटली घेतलीस का?" मी म्हणालो.

अंगठा मिटला. त्याने मूठ तशीच कडेवर ठेवली आणि डाव्या हाताने काच सरकवली.

गाडी मागे झाली, वळली, निघून गेली. डिझाइनच्या खोलीत आता दुसरा माणूस आहे. चोरीचं सॉफ्टवेअर वापरतो, चटकन काम करतो. त्याच्या कणसातला दाणा न दाणा भरलेला असतो.

पाच फार कमी होते. जुन्या मशीनला वेळ लागतो, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. त्याने दहापर्यंत मोजायला हवं होतं. बरं, दहा नको. निदान सातापर्यंत.